बरडीवरच्या वाळक्या काड्या

आमच्या घरात कुणालाच हळू बोलता येत नसे. बाबांची पिठाची गिरणी घराला लागूनच होती. मधे एक भिंत आणि त्या भिंतीत पोतं सारण्यापुरतं दार. सकाळी इंजिन सुरू झालं की फळीवरचे पेले थरथरायला लागत, आईच्या हातची भाकर परातीत आपोआप फिरते की काय असं वाटे, आणि दुपारी इंजिन थांबलं की कान एकदम रिकामे होत. बाबा दिवसभर त्या धडधडीत ओरडून बोलत. इंजिन बंद झाल्यावरही आवाज खाली आणायचं त्यांना सुचत नसे. त्यांचं बघून आई ओरडे, आईचं बघून मी. पाहुणे आले की दोन दिवस दचकत राहत आणि तिसऱ्या दिवशी तेही ओरडून मीठ मागत. गिरणीवाल्याच्या घरी सांगितलेलं अमडापूरच्या बाजारात ऐकू येतं, असं गावात म्हणायचे. अशा घरात मी वर्षभर एक गुपित पोटात घेऊन हिंडले. त्या वर्षाबद्दल लिहायचं कितीदा ठरवलं, पण लिहायला बसले की हसू येतं आणि कागद तसाच राहतो. आज ठरवलंय, हसत हसतच लिहायचं.

घरात बाबा, आई, मी आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा आणि आई दोघंही तिला अक्का म्हणत. तिचं सासर पिंपळगाव राजाचं. नवरा लवकर गेला तेव्हा ती दोन शेळ्या हाताशी धरून माहेरी आली, आणि मला कळायला लागलं तोवर त्या दोनाच्या अकरा झाल्या होत्या. घराच्या मागच्या अंगाला तिची खोली, खोलीपुढं शेळ्यांचा गोठा. शेळ्यांची नावं तीच ठेवायची. एक काळीकुट्ट कावळी, एक पळपुटी बिजली, आणि सगळ्यांत मोठी, दाढीवाली, कुणाच्याही दारात हक्कानं शिरणारी सरपंचीण. ही सरपंचीण इंजिन थांबलं की भिंतीतल्या दारानं गिरणीत जायची आणि पांढरं तोंड घेऊन परत यायची. बाबा तिच्यामागं धावत. तेही नखशिखांत पिठानं पांढरे. मग अंगणात दोघं समोरासमोर उभे राहिले की आत्या म्हणायची, "पाह्य मंदे, दोघंबी एकाच घरचे दिसतात." माझे केस आत्या विंचरायची, माझं दप्तर ती शिवायची, शेळीच्या दुधाचा दाट चहा ती मला बशीतून पाजायची. आईपेक्षा मी तिच्याच अंगाखांद्यावर जास्त वाढले, हे आईही हसत कबूल करी.

गावामागं बरडी होती. बरडी म्हणजे मुरमाड, दगडगोट्यांची टेकडी, जिथं नांगर चालत नाही आणि म्हणून जी कुणाची नसते, सगळ्यांची असते. माथ्यावर पिराचं ठाणं आणि त्याच्या दोन बाजूंना अंजनाचे दोन जुने वृक्ष. पिराजवळच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही हे हिंदू-मुसलमान सगळेच पाळत, त्यामुळं ते दोन तेवढे वाचले होते. बाकी बरडी बोडकी. बाबांच्या मनाला ही बोडकी बरडी फार लागायची. आमच्या गिरणीचं आढं अंजनाचं होतं, त्यांच्या आजोबांनी त्याच बरडीवरून आणलेलं. खिळा ठोकायला गेलं तर खिळाच वाकायचा. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बाबा त्या आढ्यावर थाप मारून दाखवत आणि ओरडत, "हे बरडीवरचं हाय! अन् आज बरडीवर दात कोरायले काडी सापडत नाई!" काडी सापडत नव्हती हे खरंच होतं. गावची रीतच तशी होती. चैत्रात बरडीला काडी लावायची, म्हणजे जुनं गवत जळून पावसात कोवळं येतं. मग त्या कोवळ्यावर वर्षभर शेळ्या-गुरं सोडायची. आणि उरलेसुरले ढोपराएवढे धुमारे चुलीला आणायचे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आत्या तर तीस वर्षं रोज बरडीवर शेळ्या नेत होती.

मग एका ग्रामसभेत बाबांनी उभं राहून ठराव मांडला. तीन वर्षं बरडीवर आग नाही, कुऱ्हाड नाही, चराई नाही. तीन वर्षांत झाडं आली तर बंदी पुढं चालू, नाही आली तर बरडी पुन्हा मोकळी. बाबांच्या आवाजापुढं कुणाचं काय चालणार, ठराव मंजूर झाला. घोटाळा एवढाच झाला की त्यांनी घरी आत्याला आधी सांगितलं नव्हतं. तिला ते पाणवठ्यावर दुसऱ्याच बाईकडून कळलं. दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणं अकरा शेळ्या घेऊन निघाली तर बरडीच्या पायथ्याशी हातात काठी घेऊन सख्खा भाऊ उभा. दोघांत काय बोलणं झालं ते कुणी ऐकलं नाही, पण सरपंचिणीनं बाबांना बोरीच्या काट्यांत पाडलं हे सगळ्या गावानं पाहिलं. त्या दिवसापासून बहीण-भावाचं बोलणं बंद.

बंद म्हणजे कसं, तर एका चुलीपुढं दोघं हातभर अंतरावर जेवायला बसत आणि मधे मी. "मंदे, तुह्या आत्याले सांगजो, तिच्या शेळीनं इंजिनाचा पट्टा चावला." "मंदे, तुह्या बापाले सांगजो, शेळीले चारा नाई मिळाला त ती पट्टाच चावते, इंजिनबी चावीन." मी आपली एका घासाला एक निरोप पोचवत असे. खरं तर पोचवायची गरजच नव्हती, दोघांचे आवाज वेशीपर्यंत जात. पण मी निरोप पुन्हा म्हटल्याशिवाय समोरचा उत्तर देत नसे. कळण्याची भाकर, वांग्याचं भरीत, जवसाची चटणी आणि दोन्ही बाजूंनी असा मारा. मला तर गंमत वाटे. मी निरोपात थोडं तिखटमीठही घालायला लागले, तेव्हा आईनं एकदा पळीनं हात शेकला. बाबांनी शपथ घेतली होती की शेळीच्या दुधाचा चहा पिणार नाही. आई त्यांना "म्हशीचं हाय" सांगून शेळीचंच दूध घालायची, आणि बाबा भुरका मारून म्हणायचे, "पाह्य, याले म्हणते दूध!" आत्या तेव्हा पदर तोंडात कोंबून बसायची.

पहिल्या श्रावणात बरडीवर चमत्कार झाला. पिराजवळच्या अंजनाच्या चपट्या शेंगा वाऱ्यानं उडून सगळीकडं पडतात. दरवर्षी पडत असत, पण त्या वर्षी शेळ्या नव्हत्या. जिथं पाहावं तिथं बोटभर रोप आणि त्याला आपट्यासारखी जोडपानं. बाबा वेडे व्हायचे बाकी राहिले. इंजिन बंद करून लोकांना बरडीवर नेत, पीठ तसंच राही, बायका ओरडत, "नामदेवभाऊ, भाकरी कायच्या करू, तुमच्या पानाच्या?" आणि बाबा म्हणत, "पाह्य तं खरं!" एका रोपाला चुकून पाय लागला म्हणून त्यांनी मला वाकून नमस्कार करायला लावला होता. मग माघ आला, फाल्गुन आला, ऊन तापलं आणि एकेक रोप वाळत गेलं. चैत्रात बरडीवर नुसत्या करड्या काड्या. बाबांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा इतका पडलेला पाहिला. आठ दिवस ते हळू बोलत होते. आईनं घाबरून दृष्ट काढली.

पण बाबा हार मानणारे नव्हते. त्यांनी डोकं चालवलं, आणि बाबांनी डोकं चालवलं की आमच्याकडं नुकसान ठरलेलं. त्यांचं म्हणणं असं की जिथं बी उगवलं तिथली माती चांगली. रोप मेलं हा रोपाचा दोष. म्हणून ज्या ज्या जागी वाळकी काडी, बरोबर त्याच जागी टिकावानं खड्डा घ्यायचा आणि त्यात चिखलीच्या रोपवाटिकेतलं झटपट वाढणारं सुबाभूळ लावायचं. ज्येष्ठात महिनाभर बाबा बरडीच्या खालच्या अंगाला खड्डे घेत होते. मी काड्या उपटून टोपलीत टाकत होते. मुरमात टिकाव बसला की ठिणग्या उडत आणि आम्ही दोघं ओरडून गाणी म्हणत असू. इतकं सुख होतं त्या कामात! आम्ही बाप-लेक गात गात काय करत होतो ते मला पुढच्या वर्षी कळलं.

दुसऱ्या वर्षीही तसंच झालं. बाबांची सुबाभळं पाण्याअभावी कधीच गेली होती. बरडीच्या वरच्या अंगाला मात्र श्रावणात जोडपानं पुन्हा हसली, बाबा म्हणाले नवीन बी रुजलं, आणि चैत्रात पुन्हा काड्या. एका सकाळी आत्या चुलीसाठी शेण्या वेचायला निघाली आणि मला सोबत घेऊन वळसा घालून बरडीच्या वरच्या बाजूला गेली. एका वाळक्या काडीपाशी ती उकिडवी बसली. बाजूला एक तांबडा धोंडा होता.

"हा पाह्य मंदे. याले मी वळखतो. पाच वर्सं झाले. बंदीच्या आधी कावळी दरसाल याले इथंच खाये. खाल्ला का वाळते, पावसात पुन्हा येते."

"आत्या, तो मेला व. काडी हाय नुसती."

आत्यानं काडीच्या बुडाची माती बोटानं उकरली आणि नखानं साल खरवडली. आत हिरवं होतं. ओलं, चकचकीत हिरवं. मी ओरडणार तोच तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"वर मरते, खाली वाढते. वरचं ऊन सोसत नाई म्हून सोडून देते, अन् मूळ खाली धाडते. पाच-सात वर्सं असंच करते. मुळाले एकदा पाणी लागलं का मंग वर येते, मंग शेळीच्या बापाच्यानं खाल्ला जात नाई. पण दरसाल खाल्ला, दरसाल जाळला, त थकते बिचारा. अन् तुह्या बापानं त खोदून मुळावरच घाव घातला."

मला आमची गाणी आठवली आणि मी रडायलाच लागले. आत्यानं पदरानं माझं नाक पुसलं आणि मग माझा हात आपल्या गळ्यावर ठेवून शपथ घातली. बापाला सांगायचं नाही. का, तेही तिनं सांगितलं. ती काही लपवणारी नव्हती. झाडं जिवंत आहेत हे गावाला कळलं की बंदी उठणार नाही. नाल्याच्या काठानं आणि बांधाबांधानं शेळ्या फिरवून ती थकली होती, शेतवाले रोज भांडत होते. "बंदी वाढली त मी शेळ्या घेऊन पिंपळगावले पुतण्याकडे जातो. शेळ्या इकून मले भावाच्या तुकड्यावर नाई राहायचं."  म्हणजे मी सांगितलं तर आत्या जाणार, नाही सांगितलं तर बरडी जाणार आणि बाबांचं नाक कापलं जाणार.

त्यानंतरचं वर्ष माझं कसं गेलं ते विचारू नका. गुपित असं वर वर येई की मी जेवताना तोंडात मोठमोठे घास कोंबून बसत असे. एकदा तर अगदीच राहवलं नाही. इंजिन पूर्ण जोरात चालू असताना मी गिरणीत गेले, बाबांच्या मागं उभी राहिले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "बाबा, अंजन जिवंत हाय! मुळं खाली जिवंत हाय!" बाबांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. माझं मन मात्र फुलासारखं हलकं झालं, आणि शपथ मोडल्याचं पाप नको म्हणून मी पिराला गूळ ठेवून आले. पुढं हे मी महिन्यातून एकदा तरी करत होते.

मला गुपित कळल्यावर दोनच महिन्यांनी, ज्येष्ठात, बाबांचा टिकाव हरवला. बरडीच्या वरच्या अंगाला खड्डे घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं, काड्यांपाशी चुन्याच्या खुणाही झाल्या होत्या, आणि टिकाव गायब. बाबा कंजूष नव्हते असं मी म्हणणार नाही; मेलेल्या माणसाची खोटी स्तुती कशाला करा. वडिलांच्या हातचा टिकाव होता, दुसरा विकत घेणं म्हणजे त्यांना चोराला शाबासकी दिल्यासारखं वाटे. त्यांनी पेव उकरलं, पोती उलथली, विहिरीत गळ टाकला. मग त्यांचा संशय मुनीरचाचांवर गेला. मुनीरचाचा विहिरी खोदायचे, आसपासच्या पाच-दहा गावांतल्या विहिरी त्यांच्याच हातच्या. त्यांनी शांतपणे आपले चार टिकाव बाबांपुढं ओळीनं मांडले. "नामदेवभाऊ, यातला तुमचा कोणता, सांगा. नसन त एखादा घेऊन जा." बाबांनी एकेक उचलून पाहिला, नाक फुगवलं आणि म्हणाले, "नाई. माहाच पाहिजे." वर्षभर शोध चालला. खड्डे राहिलेच. मला तेव्हा यात काही विशेष दिसलं नाही, यावरून माझी अक्कल काय होती ते समजा.

परवा शेजारच्या गावच्या सरपंचबाईंचा फोन आला होता. त्यांच्या टेकडीवर वृक्षलागवड ठरली आहे, खड्डे घ्यायला यंत्र येणार आहे, उद्घाटनाला मी यावं. मी विचारलं, टेकडीवर आता काय आहे? त्या म्हणाल्या, "काही नाही हो काकू, नुसत्या वाळक्या काड्या." मी फोनवरच इतकी हसले की त्यांना वाटलं माझ्या मेंदूवर परिणाम झाला. येते म्हणाले, पण यंत्राच्या आधी येते, आणि येताना माझं एक हत्यार घेऊन येते. आमच्या बरडीचा वरचा अर्धा आज अंजनानं भरलाय, सावलीत पिराचा उरूस भरतो. खालच्या अर्ध्यात, जिथं बाबांनी आणि मी खड्डे घेतले, अजूनही सीताफळ आणि घाणेरी यांच्याशिवाय काही नाही. मोजून तेवढाच भाग, जणू कुणी चुन्यानं आखून दिलाय.

तर तिसरा ज्येष्ठ आला आणि सभा बरडीवरच घ्यायची ठरली. लोक आपल्या डोळ्यांनी बघतील म्हणून. पिराजवळ शेण्यांचा हारा पेटवून कणकेचे रोडगे भाजायला घातले होते, वांग्याच्या भाजीचं पातेलं चढलं होतं. गावानं निम्मं भांडायची आणि निम्मं जेवायची तयारी ठेवली होती. घरातून निघताना मी ओसरीवर पाहिलं. आत्याचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलेलं. वाकळेत गुंडाळलेलं, चांगलं मोठं. निकाल बंदीच्या बाजूनं लागला तर दुपारच्या जीपनं ती जाणार होती आणि शेळ्या मागून पुतण्या नेणार होता. मी त्या गाठोड्याकडं बघत बघत अंगणातल्या रांजणावर आदळले.

सभेत सरपंचांनी विचारलं, "नामदेवभाऊ, तीन वर्सं झाले. दाखवा झाडं." चारी बाजूंना काड्या. कुणी हसलं. बाबा उठले. मला वाटलं आता गरजतील. पण बाबा हळू बोलले. इतकं हळू की लोक पुढं सरकले.

"काईच नाई आलं. मी हरलो. बरडी मोकळी करा." मग ते वळले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा सरळ आत्याकडं पाहून म्हणाले, "अक्का, तू जिंकली. शेळ्या आण बरडीवर. पण गाठोडं सोड. घर सोडून जाऊ नको."

मी तोंड उघडलं. शपथ गेली खड्ड्यात, आता सांगतेच, असं म्हणून उघडलं होतं. पण माझ्या आधी आत्या उसळली. तिचा चेहरा लाल झाला होता आणि डोळ्यांत पाणी होतं, आणि तीन वर्षं साठवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं.

"मोकळी करा म्हणते! बयताडा! तीन वर्सं याच्यावरून चालून राह्यला अन् तुले दिसलं नाई? अबे, जिवंत हाय ते! सगळे जिवंत हाय!"

 मग कुणीतरी म्हणालं, "अक्काबाईले ऊन लागलं." सरपंचांनी काडी उचलून कटकन मोडून दाखवली. आत्यानं लुगड्याचा काष्टा खोचला. "मुनीरभाऊ, तुमचा टिकाव द्या. खोदा इथं. बाजूनं खोदा, मुळाले लावू नका." तो तांबड्या धोंड्यापाशीचाच अंजन तिनं निवडला. कावळीनं दरसाल खाल्लेला.

मुनीरचाचांनी बाजूनं माती काढली. वर काडी वीतभर, खाली मूळ अंगठ्याएवढं जाड. नखानं खरवडलं तर ओलं. लोक हुंकारले, पण सरपंच म्हणाले, "हातभर असन मुश्किलीनं." झालं. मग पैज लागली. कुणी हात म्हणालं, कुणी दोन हात. मुनीरचाचा गुडघाभर उतरले, मूळ खालीच. कमरेएवढे उतरले, मूळ खालीच. एका फटीतून खडक फोडून सरळ खाली गेलेलं. "बाप्पा बाप्पा," चाचा आतून ओरडले, "हे झाड नाई, हा तं विहीरवाला हाय! माह्या धंद्यावर बसला!" पोरं टाळ्या पिटायला लागली. बायका रोडगे सोडून खड्ड्याभोवती आल्या. ज्यांच्या घरी दहा-दहा बकऱ्या होत्या तेही पाळीपाळीनं टिकाव घ्यायला लागले. कुणाला बंदीची आठवण राहिली नाही, सगळ्यांना फक्त ते मूळ कुठं संपतं ते बघायचं होतं. मुनीरचाचांच्या टोपीचा शेंडा तेवढा वर दिसत होता तेव्हा आतून त्यांनी हात जोडले. "बस. मी थकलो, हा नाई थकला." टोक काही सापडलं नाही. आणि मी? मी हसत होते, रडत होते आणि वर्षभर गिरणीत ओरडलेलं वाक्य इंजिनाशिवाय पुन्हापुन्हा ओरडत होते.

सरपंच वीतभर काडीकडं आणि पुरुषभर खड्ड्याकडं आळीपाळीनं बघत राहिले. बंदी पाच वर्षांनी वाढली. मुनीरचाचांनीच तोड सुचवली, "शेळी वर न्यायची नाई, पण गवत इळ्यानं कापून खाली न्या. गवताले कायची बंदी?" तेही मंजूर झालं. मग रोडगे. कोळसा झालेले होते अर्धे, पण तसे रोडगे मी पुन्हा कधी खाल्ले नाहीत.

जेवणं उरकली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आत्या नाही. मी पळत घरी आले. ती ओसरीवर उभी होती, एक हात गाठोड्याच्या गाठीवर. बंदी वाढली होती, आणि तिनं शब्द दिला होता. आमच्या घरात शब्द म्हणजे त्या अंजनाच्या आढ्यासारखा, वाकत नसे. मी तिच्या कमरेला मिठी मारली. जीपचा हॉर्न वेशीवर वाजला. तेवढ्यात फाटकातून एक भलामोठा गवताचा भारा आत आला. भाऱ्याखाली बाबा होते. पिठानं पांढरे बाबा मी रोज पाहायची, त्या दिवशी ते कुसळांनी पिवळे झाले होते. सभेतून उठून थेट गवत कापायला गेले होते.

"मंदे," बाबा नेहमीच्या आवाजात गरजले, "तुह्या आत्याले इचार, रोज एक भारा पुरते का दोन आणू?"

"मंदे," आत्या गाठीवरचा हात काढत म्हणाली, "तुह्या बापाले सांग, सरपंचीण एकटीच एक भारा खाते."

"मंग दोन!" म्हणून बाबांनी डोक्यावरचा भारा धाडकन खाली टाकला, तो नेमका गाठोड्यावर. आणि गाठोड्यातून आवाज आला. ठण्ण!

वाकळ-लुगड्यांच्या गाठोड्यातून ठण्ण. इंजिनानं कान गेलेल्या बाबांनाही तो ऐकू गेला. बाबांनी भारा सारला, गाठ सोडली. दोन लुगडी, एक पितळेचा तांब्या, कावळीची जुनी घंटी, आणि त्यांच्या मधे, चिंध्यांत नीट गुंडाळलेला, बाबांच्या वडिलांच्या हातचा टिकाव.

बाबा टिकावाकडं बघत राहिले. मग आत्याकडं.

"अक्का. वर्सभर मी इहिरीत गळ टाकून राह्यलो."

"हाव."

"अन् तू हा पिंपळगावले घेऊन चालली होती?"

"नेलाच असता," आत्या म्हणाली. "मी गेल्यावर तुह्या हाती टिकाव राह्यला असता, त एकबी अंजन ठेवला नसता तुनं."